घरचं माणूस आधी

आमच्याकडे रविवार हा कामाचा वार असतो. सुट्टी गुरुवारी. पिंपरीपासून चाकणपर्यंत बहुतेक कंपन्या गुरुवारी बंद, त्यामुळे मुलगी बघायला जाणं, शेगडी दुरुस्त करणं, गावाकडे सविस्तर फोन करणं आणि नवऱ्याशी त्याहून सविस्तर भांडणं, हे सगळं आम्ही गुरुवारावर ढकलतो. मारुंजीत भाड्याने राहणाऱ्या एका आयटीतल्या मुलीला हे माहीत नव्हतं. तिने जुन्या घरांतून आणि बागांतून गाण्याच्या बैठका सुरू केल्या, आणि पहिलीच बैठक ठेवली रविवारी सकाळी. घरातली माणसं पहिल्या शिफ्टला गेलेली. गवई आला, तबला जुळला, आणि ऐकायला दोन म्हातारे, एक कुत्रं आणि तिच्याच ऑफिसातल्या मैत्रिणी.

पुढच्या वेळेपासून बैठक गुरुवारी संध्याकाळी व्हायला लागली. चूक झाली तर तोंड वाकडं न करता वार बदलणारी माणसं मला आवडतात, म्हणून ती मुलगीही आवडली.

बैठकीचं सगळं साधं असायचं. दर महिन्याला एक जुनं घर किंवा जुनी बाग. माइक नाही, स्टेज नाही, सतरंजीवर मांडी घालून बसायचं. चिंचवडातलं एक दगडी घर झालं, चाकणच्या वाटेवर दोन कंपन्यांच्या कुंपणांत सापडलेला एक जुना मळा झाला. मी पहिल्यांदा गेले ती राजगुरुनगरकडच्या एका आमराईत. कंपनीत आमच्या लाइनवरच्या एका बाईचं ते माहेर, तिने ओढून नेलं.

तिथे मला त्या बैठकीचा नियम कळला. बोलावलेल्या गवयाच्या आधी त्या घरातल्या कुणीतरी एकाने गायचं. येवो न येवो, बेसूर होवो, पण घराने आधी आपला आवाज द्यायचा. त्या आमराईच्या सुनेने पाळण्याचं गाणं म्हटलं. सूर मधेच घसरला, तिने जीभ चावली, परत सुरू केलं आणि लोकांनी मन लावून ऐकलं. शेवटी गवयाला आणि तबलजीला उपरणं आणि नारळ दिला. सुनेला काही दिलं नाही. घरच्या माणसाला कोण नारळ देतं? ती तर पदर खोचून सगळ्यांना चहा देत फिरत होती. बसमध्ये परत येताना माझ्या डोक्यात तेच घोळत होतं. गाऊन झाल्यावर चहा वाटणारी ती बाई.

मी लातूरकडची. लग्नानंतर नवऱ्याबरोबर इकडे आले आणि पिंपळे गुरवच्या जुन्या गावठाणात खोली घेतली. तेव्हापासून तिथेच आहे. नवरा ढलाईच्या कारखान्यात, मी चाकणच्या कंपनीत. गाडीच्या पोटात वायरींचा जो जुडगा असतो तो आम्ही बायका फळीवर बांधतो, टेप गुंडाळतो, टोकं बसवतो. बोलायला बंदी असते, पण ओठ न हलवता गुणगुणायला कोण अडवतंय? माझी आई दळताना ओव्या म्हणायची, मी वायरी बांधताना म्हणते.

आमच्या खोलीच्या मालकांचं मूळ घर गावठाणात सगळ्यात देखणं. दगडी जोतं, रुंद सोपा, सागवानी खांब, भिंतीत दिवळ्या. मागे परस, परसात एक अवाढव्य चिंच, दोन आंबे आणि जाळी टाकलेली विहीर. आजूबाजूला सगळीकडे पाच-पाच मजली इमारती उठल्या, मालकांचं घर मात्र जसंच्या तसं. बिल्डर येऊन गेले, चहा पिऊन गेले. मालकांना त्या घराचा एवढा अभिमान की दर दिवाळीला सागवानी खांबांना स्वतःच्या हाताने हिरवा ऑइलपेंट मारायचे. खांब उघडे ठेवले तर गरिबी दिसते असं त्यांचं म्हणणं. आम्हा भाडेकरूंच्या खोल्या परसाच्या कडेला, एका ओळीत, पत्र्याच्या. आमची खोली चौथी, म्हणून मला सगळे चार नंबरवाली म्हणायचे. मालक, मालकीण, दूधवाला, समोरच्या इमारतीतला वॉचमन, सगळे.

करार अकरा महिन्यांचा. सगळीकडेच तसा असतो, त्यात मालकांचा दोष नाही. पण दर अकरा महिन्यांनी नवऱ्याने मशीनवर अंगठा टेकवून यायचं आणि मी पुन्हा नव्याने परकी व्हायचं, असं चालू होतं. माझी मुलगी याच परसात रांगली, याच चिंचेची बोटुकं खाऊन तिचे दात आंबले, आता डिप्लोमाला आहे. पण विचाराल तर आम्ही भाडेकरू.

एकदाच जरा वेगळं झालं. मालकांच्या मुलीचं लग्न होतं. बाहेर डीजे लागलेला, आत जात्यावर हळद दळायची होती. पाच सुवासिनी बसल्या, जातं फिरायला लागलं आणि सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. गाणं कुणालाच येईना. मालकीणबाईंच्या सासूबरोबर त्या घरातली गाणी गेली होती. मी दाराशी पाण्याचा हंडा घेऊन उभी होते, मला राहवेना. उभ्या उभ्याच सुरू केलं. हळदीच्या ओवीत त्या घराची माणसं ओवावी लागतात, नवरीचा बाप, चुलता, भाऊ, दारातली झाडंसुद्धा. मला सगळी माणसं पाठ होती, नुसती माणसंच नाही तर कोण कुणावर रुसलंय तेही. मी सगळ्यांना ओवलं. मालकीणबाईंनी हंडा काढून घेतला आणि मला खुंट्यापाशी बसवलं. त्या दिवसापासून गावठाणात कुठेही हळद असली की निरोप यायचा, “चार नंबरवालीला पाठवा.” मला भारी वाटायचं. आवाज माझा आणि मागणी गावाची, मग वाटणारच की.

तर त्या मारुंजीच्या मुलीला कुणीतरी मालकांच्या घराचं सांगितलं आणि ती एका गुरुवारी बघायला आली. सोप्यात उभी राहून वर बघत राहिली. हिरव्या खांबांकडे बघून तिचा चेहरा जरासा पडला. परसात आली, चिंचेखाली गोल फिरली, म्हणाली, “काका, इथेच करू या. किती सुंदर आहे!” मालकांची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटतील असं वाटलं.

मग तिने नियम सांगितला. आधी घरातलं कुणीतरी गाणार.

“आमच्या घरात काय कमी हाय व्हय?” मालक म्हणाले. “माणसंच माणसं हायत.”

“घरचं कोण ते घरानेच ठरवायचं,” ती म्हणाली. “आम्ही नाही विचारत.”

पुढचे काही दिवस आम्ही चाळीतल्या बायकांनी जी मजा बघितली, तिला तोड नाही. मालक स्वतः सोप्यात बसून गळा काढायला लागले, तर शेजारच्या इमारतीतून कुणीतरी विचारायला आलं की काही झालंय का. त्यांचा भाऊ म्हणाला, मी शिट्टी वाजवतो. मुलगा म्हणाला, स्पीकरवर लावून नुसते ओठ हलवतो, कुणाला कळणार नाही. सुनेला शाळेतली प्रार्थना येत होती, पण दुसऱ्या ओळीनंतर तिला फक्त राष्ट्रगीत आठवायचं. मी नळावर कपडे धूत धूत सगळं ऐकत होते आणि वाट बघत होते. खोटं कशाला बोलू? मला गायचं होतं. त्या आमराईतल्या सुनेसारखं त्या चिंचेखाली बसून, या घराचा आवाज म्हणून मला गायचं होतं. आणि गाण्याहून जास्त मला ते ऐकायचं होतं, की मी या घराची आहे.

शेवटी मालकीणबाईच बोलल्या. त्यांचा आवाज स्वयंपाकघराच्या खिडकीतून नळापर्यंत येतो.

“एवढं कशाला डोस्कं पिकवताय? चार नंबरवाली हाय की. ती म्हणंल.”

“ती घरची कुठं हाय?” मालक म्हणाले. “भाडेकरू हाय ती. लोकं म्हनतील, यांच्या घरात गायला माणूस न्हाई म्हणून भाडेकरू आणून बसवली. नाक कापून घ्यायचंय व्हय?”

माझ्या हातातला चादरीचा पीळ तसाच राहिला. मुलीची हळद दळायला मी घरची आणि चारचौघांत दाखवायला भाडेकरू. त्याच महिन्यात आमचा करार संपत होता. मी हात पुसले, सरळ सोप्याच्या पायरीशी गेले आणि म्हणाले, “मालक, यंदा करार करायचा नाही. आम्ही खोली सोडणार.”

“का ओ? काय झालं?”

“काही नाही. भाडेकरू आहोत, जातो.”

मालकीणबाई आतून बाहेर आल्या, माझ्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि आत गेल्या. आतून भांडी जोरात वाजली. मालकांना त्या दिवशी आमटीत मीठ मिळालं नसणार, अशी माझी खात्री आहे.

नवरा घरी आल्यावर डोक्याला हात लावून बसला. “कशाला भांडूलालीस उगं? दुसरी खोली कुठं मिळायलीय अशी? सावली आहे, पाणी आहे.”

“सावली कुणाची आहे?” मी म्हटलं. शहाणा माणूस आहे, अशा वेळी तो सायकल पुसायला जातो.

मी मारुंजीकडे एक खोली बघून आले. खिडकी भिंतीला लागून, समोर दुसऱ्या इमारतीचा पाइप. तरी हो म्हणून आले. रागात माणसाला पाइपसुद्धा चालतो. भांडी पोत्यात भरताना एक ओवी आपोआप बांधली गेली. ती पुढे येईलच.

मालकांनी इकडे तोड काढली होती. राजगुरुनगरला त्यांचा मेव्हणा राहतो, भजनात गातो, आवाज चांगला. त्याला आणायचं आणि घरचा म्हणून बसवायचं. मेव्हणा घरचा असतोच, असं ते सगळ्यांना सांगत सुटले. मारुंजीच्या मुलीने एकदाच विचारलं, “ते इथेच राहतात का?” मालक म्हणाले, “आता राहिल्यातच जमा हाय म्हणा की.” नियम तिचाच होता, घरचं कोण ते घराने ठरवायचं.

बैठकीचा गुरुवार आला. परस झाडून पाणी मारलं होतं, सतरंज्या अंथरल्या होत्या, विहिरीच्या जाळीवर झेंडूच्या माळा. रागावलेली असले तरी सडा मीच घातला. घर देखणं दिसावं असं मला वाटतच होतं, ते काही मालकांसाठी नव्हतं. कंपनीतली माणसं बायका-पोरांसह आली, आयटीवाले पाठीला बॅगा लावून आले, गावठाणातले जुने लोक फेटे बांधून आले. जागा पुरेना, तेव्हा चारी बाजूंच्या इमारतींच्या गॅलऱ्या भरल्या. जिथे एरवी कपडे वाळत असतात तिथे माणसं रेलून बसली होती. माझा ऊर भरून आला आणि मग आठवलं की आपण तर चाललोय. मी आमच्या खोलीच्या उंबऱ्यात हाताची घडी घालून बसले. पाठीमागे बांधलेली पोती.

सतारवाला तबलजीला घेऊन आला, वाद्य जुळवून तयार झाला. मेव्हण्याचा पत्ता नाही. मालक फोनवर ओरडत होते. चाकणच्या चौकात कंटेनर आडवा झाला होता आणि मेव्हणा त्याच्या मागे अडकला होता. गुरुवार असूनही. चाकणचा चौक वार बघत नाही. पहिल्यांदा फोनवर दहा मिनिटं होती, मग अर्धा तास, मग मेव्हणा म्हणाला की तो गाडीतून उतरून वडापाव खातोय.

लोक चुळबुळ करायला लागले. मुलगी मालकांजवळ जाऊन हळूच म्हणाली, “काका, हरकत नाही, आपण थेट सतार सुरू करू. होतं कधी कधी.”

आता हे मालकांच्या वर्मी लागलं. आजवरच्या सगळ्या घरांनी आवाज दिला आणि यांचं घर मुकं? ते उठून मधे उभे राहिले. घाम आलेला, टोपी हातात. वाटलं, आता हे स्वतः गातात की काय. पहिल्या रांगेतल्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते जरा मागे सरकले. मालकांनी एकदा चिंचेकडे बघितलं, एकदा मालकीणबाईंकडे. मालकीणबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“घरचं माणूस हाय,” मालक म्हणाले. “मागं बसलंय. रुसून बसलंय.”

सगळ्या माना वळल्या. मी घडी सोडली नाही.

“या की ओ, चार नं...” आणि ते तिथेच थांबले. एवढ्या लोकांसमोर चार नंबरवाली म्हणायचं त्यांना बरं वाटेना आणि दुसरं काही त्यांना माहीत नव्हतं. करारावर नवऱ्याचं नाव. त्यांच्या लेकीची हळद माझ्या ओवीवर दळली, पण एवढ्या वर्षांत माझं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी भाबडेपणाने विचारलंच, “बाई, नाव काय ओ तुमचं?”

गॅलऱ्यांतून हसू फुटलं. मला मात्र राग आला, आणि रागात माझा आवाज चांगला लागतो.

“नाव मग सांगते,” मी उंबऱ्यातूनच म्हणाले. “आधी मी कोण ते तुम्ही सांगा. भाडेकरू का घरची?”

नवऱ्याने मान खाली घातली. मालक हट्टी माणूस, त्यांनी कधी कुणापुढे शब्द मागे घेतलेला मी बघितला नव्हता. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, नीट केली.

“घरची हाय,” ते म्हणाले. मग मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा, त्यांच्या रानात हाक मारायच्या आवाजात, “घरची हाय ही!”

मी उठले. जाता जाता नाव सांगितलं. चिंचेखाली जाऊन बसले, पदर सारखा केला. सतारवाल्याने विचारलं, कोणता सूर देऊ? मी म्हटलं, द्या कुठलाही, मी माझ्याच सुरात म्हणणार आहे. आणि पोती भरताना बांधलेली ओवी म्हटली.

माहेर माझं दूर बाई, सासर त्याहून लांब
परक्याच्या चिंचेखाली माझ्या संसाराचा खांब

‘परक्याच्या’ बदलावं असं क्षणभर मनात आलं. नाही बदललं. मालक आत्ता चार शब्द चांगले बोलले म्हणून मागची वर्षं खोटी होत नाहीत. ऐकू दे, म्हटलं. मग पुढे एकेक माणूस ओवत गेले. मालकीणबाई, लेक, सून, शिट्टी वाजवणारा भाऊ, कंटेनरमागे वडापाव खाणारा मेव्हणासुद्धा. हिरवे खांब ओवले तेव्हा मारुंजीची मुलगी तोंडावर हात धरून हसली. खोल्यांतल्या बायकांना ओवलं, एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, पण नंबरांनी नाही, प्रत्येकीच्या गावाने. गॅलऱ्यांतल्या बायकांनी शेवटचा शब्द माझ्याबरोबर धरायला सुरुवात केली. एवढ्या माणसांचा आवाज चार भिंतींसारख्या इमारतींमधून खाली येत होता आणि मधे मी बसले होते. गर्व वाटला. आजही वाटतो, आणि त्याबद्दल मला कुणाचीही माफी मागायची नाही. मालक खाली मान घालून बसले होते, ‘परक्याच्या’ला त्यांनी मान डोलावलेली मी बघितली.

मग सतार झाली. चांगली झाली म्हणतात. माझं लक्ष नव्हतं, माझे कान अजून गरम होते.

शेवटी मानपान सुरू झालं. मुलगी ताट घेऊन आली, सतारवाल्याला उपरणं आणि नारळ, तबलजीला उपरणं आणि नारळ. स्वतःचाच रिवाज ती गडबडीत विसरली की तिला मनापासून द्यावासा वाटला, कोण जाणे, पण तिसरा नारळ उचलून ती माझ्याकडे वळली. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. मी हात पुढे केला. खरंच केला. आयुष्यात कुणी मला नारळ दिला नव्हता.

तेवढ्यात मालकीणबाई मधे आल्या आणि त्यांनी मुलीच्या हातातून तो नारळ काढून परत ताटात ठेवला.

“हिला कशाला?” त्या म्हणाल्या. “ही घरची हाय.” आणि माझ्याकडे वळून, जशा सुनेवर खेकसतात तशा खेकसल्या, “उठ गं. बसलीस काय पाव्हण्यासारखी? एवढी माणसं खोळंबल्यात, चहा कोण गाळणार?”

मी उठले. पदर खोचला. सोपा ओलांडून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, आणि गाळणं कुठे टांगलेलं असतं ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.